बरं झालं मेला!

काल रात्री ‘एकच प्रकरण’ म्हणून उघडलेली थरारक कादंबरी पहाटे तीनला संपली. आज दिवसभर डोळे चुरचुरतायत. पण खरी टोचणी वेगळीच आहे. नायकाने चौथा माणूस मारला तेव्हा मी चक्क मनात म्हटलं, बरं झालं मेला!

एरवी मी रांग मोडणाऱ्यालाही नियम ऐकवणारा माणूस. मग हे काय?

दुपारी कामात लक्ष लागेना, म्हणून पानं पुन्हा चाळली आणि लेखकाची चलाखी सापडली. प्रत्येक गुन्हा त्याने आधी आपल्या डोळ्यांदेखत घडवलाय. संशयाला जागाच नाही. पुरावा, साक्ष, उलटतपासणी हे सगळं आपण मनातल्या मनात उरकलेलं असतं. नायक फक्त शिक्षा बजावतो. खऱ्या जगात एवढी खात्री न्यायाधीशालाही मिळत नाही.

अमेरिकी लेखक ब्रायन गारफिल्डची १९७२ची ‘डेथ विश’ ही कादंबरी आठवली. तिचाही नायक कायदा हातात घेऊन गुन्हेगारांना गोळ्या घालतो. १९७४च्या सिनेमात त्याच्या नायकाच्या बंदुकीचा उदोउदो झाला, तो गारफिल्डला मुळीच रुचला नाही. मग १९७५मध्ये त्याने उत्तरादाखल पुढचा भाग लिहिला. (सिनेमाचेही पुढचे भाग निघाले, ते मात्र बंदुकीच्याच बाजूने!)

माझ्या कादंबरीत पाचव्या वेळी गुन्हा दाखवलेलाच नाही. नायक दाराशी उभा, हात खिशात. आणि मी पहिल्यांदाच पुटपुटलो, “थांब रे, हाच आहे का नक्की?”

त्याने काय केलं ते सांगत नाही. दुसरा भाग आज रात्री. एकच प्रकरण.