बालवर्गातले कंदील: चारपैकी तीन तास झाले

मागे सांगितलेलं ना, भाचीच्या बालवाडीत दिवाळीच्या आधी हस्तकलेचे चार तास मिळालेत म्हणून, त्यातले तीन झाले. मुलं २२, वय चार-पाच, मी एकटी, बाई असतात मदतीला पण त्यांना मधेच कोणीतरी हाक मारतं की गेल्या.

पहिल्या दिवशी मी नको तो शहाणपणा केला. घरी करतो तसाच कामट्यांचा कंदील, सांगाडे मी आधीच बांधून नेले, मुलांनी फक्त पतंगी कागद चिकटवायचा. खळसुद्धा घरची, कणकेची. ओली खळ, पतंगी कागद आणि चार वर्षांची बोटं, कृपा करून कोणी ट्राय करू नका, बोट सरळ आरपार जातं. सहा सांगाड्यांतला एक धड झाला आणि तो बाईंनी केलेला.

दुसऱ्या दिवशी गुपचूप कार्डपेपरवर आले. मधे दुमडायचा, दुमडीकडून कापत जायचं, वरची दोन बोटं जागा सोडायची, उघडून गोल करायचा, तुम्ही सगळ्यांनी हजारदा केलाय. मी रेघा आखून नेल्या, दुमडीवर लाल स्केचपेन फिरवला, तरी सात जणांनी उघड्या बाजूनेच कापलं. मग कंदील फुगत नाही, मधे पट्टा आणि दोन्हीकडे नुसती झालर. सहा झालरी दुसऱ्या कंदिलांना झिरमिळ्या म्हणून खाली लावून टाकल्या. सातवा पोरगा काही देईना, "माझा असाच आहे" म्हणे. टांगला तसाच, दोन्हीकडून केसाळ, आणि खरं सांगायचं तर पंखा लावला की तोच सगळ्यात भारी हलतो.

काल शाडू. अंगठ्याने खळगा, कडेला वातीसाठी चिमटा, झाली पणती. कच्ची पणती तेल पिते त्यामुळे ह्या फक्त मांडायला, लावायच्या त्या कुंभाराकडच्या भाजलेल्या, त्या नुसत्या रंगवून घेतल्या. बूड जाड आणि कड पातळ राहिली की वाळताना तडकणारच, म्हणून सगळ्या ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवल्यात, तरी चार-पाच जातील असं वाटतंय.

हात मातीत असताना मुलं ऐकतात हे मात्र कळलं. आधी चित्रं दाखवून वसुबारस, धनत्रयोदशी सगळं सांगितलं होतं, कोणाला काही आठवत नव्हतं, फटाके आणि किल्ला सोडून. काल मळता मळता गाय-वासराचं सांगितलं तर लगेच, "वासराला पण उटणं लावायचं का?" मग नरकचतुर्दशी आली, पहाटे अभ्यंगस्नान, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, तो नरकासुर, वगैरे. बहुतेकांनी कारीट बघितलेलंच नाही. मी म्हटलं एवढंसं असतं, आणि शाडूची गोळी करून दाखवली. चूक तिथे झाली. दोन मिनिटांत २२ गोळ्या फरशीवर, चपला बाजूला, आणि डावा पाय कुठला यावर जोरदार भांडण. उजव्याने फोडलेल्यांना परत नवीन करायला लावलं, मी नाही, मुलांनीच.

चौथा तास किल्ल्याचा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले तेव्हापासून पालकांनाही जोर आलाय, कोणी रायगड सुचवतं कोणी प्रतापगड. मुलांना सिंधुदुर्ग हवाय, कारण चारी बाजूंनी पाणी. खरं पाणी घातलं तर तटबंदीचा चिखल होणार, म्हणून समुद्र निळ्या जिलेटीनचा करतेय. ट्रेमधे किनाऱ्याच्या मातीत हळीव आजच पेरले, तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागेल, पण मधे रविवार येतोय आणि शिंपडायला कोणीतरी हवं. चावी शाळेच्या मावशींकडे असते. त्यांनाच विचारायला लागणार, पण कालची फरशी त्यांनी पुसली आणि तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीयेत.