लॅक्स्टनची वही: पर्च, रूड आणि आपला गुंठा

लॅक्स्टनच्या कामाला पाच महिने झाले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: नॉटिंगहॅमशरमधलं हे छोटं गाव. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत ते आहे, आणि इंग्लंडभर शेतांना कुंपणं घालून गावोगावची जुनी शेती मोडली तरी इथली टिकली. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड ही तीन मोठी वावरं, त्यांत प्रत्येक शेतकऱ्याच्या विखुरलेल्या पट्ट्या. एक वर्ष गहू, दुसऱ्या वर्षी वसंतातला पेरा, तिसऱ्या वर्षी पड.

1635 मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराने गावाचा नकाशा काढला आणि कोणाची पट्टी कुठे, केवढी, याची वही लिहिली. नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मी वहीची छापील नक्कल समोर ठेवून ट्रेसिंग कागदावर एकेक पट्टी उतरवतोय.

या महिन्यात अडकलो होतो ते मापांत. एकर, रूड, पर्च असे तीन आकडे शेजारी शेजारी येतात आणि मी प्रत्येकाचे चौरस मीटर करत बसायचो. मग एका रात्री लक्षात आलं की हे गणित माझ्या घरच्या सातबाऱ्यातच आहे. 40 पर्चचा रूड, 4 रूडचा एकर, म्हणजे एकरात 160 पर्च. आपल्या एकरात 40 गुंठे. तेव्हा 4 पर्च म्हणजे बरोबर 1 गुंठा, आणि रूड म्हणजे 10 गुंठे! 3 एकर 2 रूड 17 पर्च दिसलं की आता मी सरळ 3 एकर 24 गुंठे आणि वर 1 पर्च असं वाचतो. हा योगायोग नाही. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, आणि पर्चची बाजू साडेसोळा फूट, त्याच्या नेमकी निम्मी. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूरकडे मोजणी केली, तेव्हा हीच इंग्रजी एकराची घडण आपल्या मातीवर आली. वहीतली पट्टी आता मला पावलांनी चालता येईल इतकी ओळखीची वाटते.

बोलीचंही तसंच, तिथल्या गोष्टींना आपल्याकडचेच शब्द चपखल बसतात. लॅक्स्टनला अजून कोर्ट लीट, म्हणजे गावची जमीनपंचायत भरते. नोव्हेंबरच्या अखेरीस पंच गव्हाच्या वावरात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दीला खुंट्या ठोकतात, आणि कोणी शेजाऱ्याच्या किंवा वाटेच्या बाजूला नांगराचा एक तास (नांगरटीची ओळ) जास्त ओढला असेल तर नोंदवतात. आठवड्याने डव्हकोट इनमध्ये कोर्ट बसतं आणि दंड ठरतो. 1977 च्या कायद्याने इतर अशा कोर्टांचे अधिकार काढले, लॅक्स्टनचा ठेवला. त्यांच्या पट्ट्यांना मधे बांध नसतो, पण गुन्हा तोच, बांध कोरणे. गावात भटक्या जनावरांचा कोंडवाडाही आहे. हे वाचताना मला वहीतली माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि याच क्षणांसाठी मी हे काम करतो.

सोबत चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी लावतोय. अशा कामाला हात घालणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच वहीवर लिहून ठेवावी: 1752 पूर्वी इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. मे 1640 चं लग्न आणि फेब्रुवारी 1640 चा बाप्तिस्मा दिसला तर लग्नच आधीचं, कारण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1641 चा. हे न कळल्याने माझी दोन कुटुंबं उलटी लागली होती, ती परत जुळवायला चार रविवार गेले.

मिल फील्ड पूर्ण झालं. वेस्ट फील्डच्या पट्ट्या उतरवून झाल्या, मालकांची नावं बाकी आहेत. साउथ फील्ड दिवाळीनंतर घेईन. कोणाकडे जुनी 16 आण्यांची, म्हणजे 16 भागांची 33 फुटी मोजणीची साखळी असेल तर तिचा फोटो हवाय, कड्या नीट दिसतील असा.