कॅबिनेटची जागा बदलली आणि बासचा सूर मोकळा झाला

आमच्या वाद्यवृंदाची तालीम सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यातील खोलीत चालते. खोली सुमारे १४ फूट लांब आणि १० फूट रुंद, खाली शहाबादी फरशी. माझ्या बास गिटारचे दहा इंची दोन स्पीकरचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, अडचण नको म्हणून कोपऱ्यात असे. मोकळी ए तार छेडली की खिडकीची तावदाने थरथरत आणि डी व जी तारांवरचे सूर त्या घुमण्याखाली दबून जात. ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) बास, म्हणजे खर्जाचा जोर, कमी केला तर घुमणे आटोक्यात येई, पण ई तारेचा खर्जही त्याबरोबर जाई. म्हणून ॲम्पला हात न लावता कॅबिनेटच हलवून पाहायचे ठरवले.

टेपने खोली मोजल्यावर कारण उलगडले. ए तारेचा सूर ५५ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वासहा मीटरच्या आसपास; तिची निम्मी लांबी जवळजवळ खोलीच्या रुंदीइतकी भरते, त्यामुळे तो सूर बाजूच्या दोन भिंतींमध्ये साचतो. हे साचणे त्या भिंतींजवळ सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी असते. शिवाय कोपऱ्यात फरशी आणि दोन भिंती मिळून सगळाच खर्ज वाढवतात. म्हणून कॅबिनेट १० फुटी भिंतीच्या मध्यावर आणले, आणि ए तार इतर तारांच्या बरोबरीने बोलू लागली. ते भिंतीपासून पुढे ओढल्यावर मात्र, स्पीकर भिंतीपासून मीटरभर अंतरावर येताच, डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीचा) सूर पोकळ झाला, कारण ८६ हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीला छेद देते. पाठ भिंतीलगत ठेवल्यावर तो सूर पुन्हा भरला.

सर्वांत मोठे समाधान मला कॅबिनेट उभे केल्यावर मिळाले. दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी असताना बाजूला बसलेल्या ढोलकीवाल्या दादांना बोटांचा आघात नीट पोहोचत नव्हता, कारण दोन स्पीकरांमधून निघालेल्या मध्यम उंचीच्या सुरांच्या लहरी तिरक्या दिशेला एकमेकींना कापतात. एकावर एक स्पीकर आल्यावर त्यांना ठेका स्पष्ट ऐकू येऊ लागला, आणि वरचा स्पीकर कानाच्या जवळ आल्याने मलाही आवाज कमी ठेवता आला.

गणेशोत्सवातल्या मांडवात हा हिशेब बदलतो. तिथे भिंती नसतात, पण फळ्यांचा पोकळ मंच स्वतःच घुमतो. म्हणून तिथे मी कॅबिनेटखाली जाड फोम घालतो आणि जरुरीपुरताच बास वाढवतो.