जोड कुठंय?

हुपरीचे माझे मामा चांदीचं काम करतात. पॅरिसला लुव्र संग्रहालयातून त्यांना व्हॉट्सअॅपवर ब्राँझचं कोंदण असलेल्या एका फुलदाणीचा फोटो टाकला, तर किंमत किती, जुनी किती, काही विचारलं नाही, थेट "जोड कुठंय गं?" म्हणजे धातूचे तुकडे सांधलेत कुठं. मग मीही त्या काचेच्या कपाटासमोर अर्धा तास वाकून वाकून तेच शोधत बसले.

फुलदाणी चीनमधली, सेलाडॉनची, म्हणजे हिरवट झिलईच्या पोर्सेलिनची (चिनी मातीची), शेवाळासारखी फिकट हिरवी. तिला 18व्या शतकात पॅरिसमध्ये सोनेरी ब्राँझचं कोंदण बसवलं, खाली बैठक, वर काठ, दोन्ही बाजूंना वेलीसारखे वळलेले कान. असल्या कामात बऱ्याचदा हे कान नुसते शोभेचे नसतात, वरचा काठ नि खालची बैठक तेच ओढून धरतात, स्क्रू असतात ते आत किंवा खाली लपवलेले. पोर्सेलिनला भोक पाडताना तडकायची भीती, म्हणून ब्राँझनेच भांड्याला मिठी मारायची. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खडा बसवल्यागतच की."

हे सगळं जुळवून आणणारे मार्शाँ-मेर्सिए नावाचे व्यापारी होते. लांबून जहाजानं आलेलं पोर्सेलिन विकत घ्यायचं, कोंदण कसं हवं ते ठरवायचं, मग ओतारी, नक्षीवाला, मुलामा देणारा, प्रत्येकाकडून आपापलं काम करून घ्यायचं. लाझार द्युवो या व्यापाऱ्याची 1748 ते 1758 ची रोजकीर्द अजून शिल्लक आहे आणि तिच्यात फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची, लाडकी मादाम द पाँपादूर सारखी सारखी येते, मोठं गिऱ्हाईक ना! या व्यापाऱ्यांची मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे एका वाडग्यावर दुसरा वाडगा पालथा घालायचा आणि मधे ब्राँझची जाळीदार पट्टी, आत सुकलेली फुलं नि मसाले ठेवले की जाळीतून वास खोलीभर. दोन साध्या वाडग्यांचं अत्तरदान!

मामांचा पुढचा प्रश्न, "मुलामा पाऱ्याचा का?" हो, पाऱ्याचाच. इंग्रजीत या कामाला ऑर्मोलू म्हणतात, मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ दळलेलं सोनं. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखं करायचं, ब्राँझवर लावायचं आणि विस्तवावर धरायचं, पारा उडून जातो, सोनं राहतं. मग काही भाग मॅट ठेवायचा, काही अकीकाच्या दगडानं घासून चकचकीत करायचा. फुलदाणीवर पानांच्या खोलगट जागा मऊसर दिसत होत्या आणि कडा लखलखत होत्या ते यामुळेच.

पण तो उडालेला पारा जायचा कुठं, तर कारागिराच्या छातीत. हात थरथरायचे, दात जायचे, माणसं लवकर संपायची. मामा म्हणाले, त्यांच्या आजोबांकडे पाऱ्याचं काम निघालं की त्या दिवशी लेकरांना मळ्यात पाठवून द्यायचे. मला एकदम रावरियो आठवला. आंद्रे-आंत्वान रावरियो, पॅरिसमधला ब्राँझवाला, 1814 मध्ये वारला आणि मृत्युपत्रात 3,000 फ्रँक ठेवून गेला, कशासाठी, तर मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय जो शोधेल त्याला बक्षीस म्हणून. ज्या धंद्यावर तो मोठा झाला त्याची किंमत कोण मोजतंय हे त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मला तो फार मोठा माणूस वाटतो. बक्षीस दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं, त्यानं धूर जोरात वर ओढून नेणारी भट्टी बनवली होती. पण सेलाडॉनवरची ती सुंदर कोंदणं होऊन तोवर साठ-सत्तर वर्षं उलटून गेली होती.

अजून एक, कधी असं काम बघायला मिळालं तर ब्राँझवर मुकुट घातलेला बारीकसा C ठसा शोधा. 1745 ते 1749 या काळात तांब्याच्या कामावर कर होता त्याचा तो शिक्का, त्यामुळं वयाचा अंदाज येतो. मला काचेतून दिसला नाही, मी मोबाईलवर झूम करकरून बघितलं. जोड मात्र सापडला, डाव्या कानाच्या खाली, पानाच्या देठाआड केसाएवढी रेघ. तो फोटो मामांनी कारखान्यातल्या पोरांना दाखवलाय म्हणे.