तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिन्स एडवर्ड आयलंडला जावं का?

कोथरूडपासून वाकडपर्यंत, कॅनडाला निघालेली मुलं आणि त्यांचे आईवडील हे हमखास विचारतात: टोरांटोची गर्दी नको, तर तो सगळ्यात छोटा प्रांत, प्रिन्स एडवर्ड आयलंड, कसा? उत्तर तुमच्या कामावर ठरतं. नर्सिंग, बालसंगोपन, सुतारकाम, प्लंबिंग यांपैकी काही हातात असेल तर जरूर विचार करा. ‘आधी पोचू, मग बघू’ असा बेत असेल तर मी नको म्हणेन.

बेट 5,660 चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. बटाटा, लॉबस्टर आणि पर्यटन हे मोठे धंदे, आणि तिन्हीतलं बरंचसं काम हंगामी. उन्हाळ्यात हॉटेलांना माणसं मिळत नाहीत, थंडीत त्यांतली कित्येक बंद असतात. स्थानिक माणूस ते महिने एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सवर, म्हणजे सरकारी बेकारी भत्त्यावर काढतो, पण त्यासाठी आधी कामाचे ठरावीक तास भरलेले लागतात. नव्याने आलेल्याचे ते भरलेले नसतात. सॉफ्टवेअरच्या कंपन्याही मोजक्याच. हिंजवडीत नोकरी सुटली तर पलीकडच्या इमारतीत अर्ज टाकता येतो, तिथे कदाचित प्रांतच सोडावा लागेल.

‘छोट्या प्रांतात पीआर (कायम राहण्याचा परवाना) लवकर मिळतो’ ही समजूत आता जुनी झाली. 2024 मध्ये प्रांताने विक्री आणि सेवा क्षेत्रातली नॉमिनेशन्स, म्हणजे पीआरसाठी प्रांत करतो त्या शिफारशी, कमी करून आरोग्य, बालसंगोपन आणि बांधकामाला झुकतं माप दिलं. दुकानांत आणि हॉटेलांत काम करणारे भारतीय तरुण तेव्हा प्रांताच्या राजधानीत, शार्लटटाउनमध्ये, उपोषणाला बसले होते. एजंट अजून जुनंच गणित सांगत असेल तर चालू वर्षाचे निकष प्रांताच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. फी त्यानंतर भरा.

घराच्या बाबतीत कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. भाडेवाढीची मर्यादा घराला लागू असते, भाडेकरूला नाही, म्हणजे भाडेकरू बदलला तरी ती राहते. त्यामुळे आधीचा भाडेकरू किती देत होता हे विचारा, मालकाला मनाला येईल तेवढं वाढवता येत नाही. डिपॉझिट जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढं. अडचण आहे ती घर मिळण्याचीच. हीटिंग भाड्यात धरलंय का, ते तेलावर चालतं की हीट पंपवर, हेही लेखी घ्या, कारण थंडीचं बिल भाड्याचं सगळं गणित बिघडवतं.

गावाबाहेर राहणार असाल तर पाणी विहिरीचं आहे का, तेही विचारा. बेटाचं सगळं पिण्याचं पाणी भूजल आहे आणि चांगलं आहे. पण वीज गेली की घरच्या विहिरीचा पंप थांबतो, म्हणजे दिव्यांबरोबर नळही बंद. सप्टेंबर 2022 च्या फियोना वादळात काही घरांत दोन आठवड्यांहून जास्त वीज नव्हती. पिण्याच्या पाण्याचा साठा आणि विजेशिवाय चालणारी शेगडी ठेवायलाच हवी.

मुख्य भूमीला जोडणारा 12.9 किलोमीटरचा कॉन्फेडरेशन ब्रिज 1997 पासून आहे. टोल फक्त बेट सोडताना लागतो, ऑगस्ट 2025 पासून कारला 20 डॉलर. जोराच्या वाऱ्यात उंच गाड्या अडवतात, तेव्हा मालाचे ट्रक पलीकडेच थांबतात. गाडीशिवाय शार्लटटाउनबाहेर निभत नाही, आणि बर्फाचे टायर हवेतच.

मला सर्वांत जास्त काळजी आरोग्यसेवेची वाटते. फॅमिली डॉक्टरसाठी प्रतीक्षायादी लांबलचक आहे, म्हणून पोचल्या आठवड्यातच नाव घाला. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा लहान मुलांचा गुंतागुंतीचा आजार असेल तर प्रांताबाहेर जावं लागतं. शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं हॅलिफॅक्स शहर शार्लटटाउनपासून गाडीने साडेतीन तासांच्या आसपास, तेही रस्ता साफ असेल तर. आईवडिलांना जवळ आणायचा विचार असेल तर आधी हे तपासा.

बाकी सुख खरंच आहे. शहरात ऑफिस बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांवर, आणि बेटावर कुठूनही समुद्र फार दूर नाही. लहान मुलं असलेल्या, पक्की नोकरी हातात असलेल्या नर्सला मी बिनधास्त जा म्हणेन. मिक्सर मात्र इथून नेऊ नका, तिथली वीज 120 व्होल्टची आहे.