भाड्याच्या घराचे परसू आणि त्याचा खर्च

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या जुन्या घराचे भाडेकरू एप्रिलअखेरीस गेले, तेव्हा रंगकामापेक्षा परसाचीच चिंता अधिक होती. धुण्याच्या दगडाच्या सांडपाण्यावर काँग्रेस गवत माजले होते, कंपाउंडलगत फुटक्या कौलांचा आणि विटांचा ढीग साचला होता आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी चर मातीने बुजली होती. परसावर घातलेला पैसा भाड्यात फारसा वसूल होत नाही, हे ठाऊक असल्याने एका महिन्याच्या भाड्याहून अधिक खर्च करायचा नाही, असे मी आधीच ठरवले.

माळीकाम करणाऱ्याने सांगितलेली ठोक रक्कम याच्या जवळजवळ दुप्पट होती. मी त्याला मजुरी, ट्रॅक्टरची ट्रॉली, खडी आणि रोपे यांचे आकडे सुटे करून मागितले, तेव्हा उलगडा झाला की गवत काढण्याची मजुरी किरकोळ असून खरा खर्च राडारोडा भरून नेण्याचा आहे. घंटागाडी घरातला ओला-सुका कचरा नेते; विटा-कौलांना ती हात लावत नाही. म्हणून अखंड कौले आम्ही वेगळी रचली, ती एका शेतकऱ्याने गोठ्यासाठी आनंदाने नेली आणि ट्रॉलीचा भार तेवढा हलका झाला. काँग्रेस गवत बी धरण्याआधी मुळासकट उपटावे लागते आणि त्याने अंगाला खाज सुटते. त्यामुळे हातमोज्यांचा खर्च मी बिनतक्रार मान्य केला.

बेळगावची तांबडी माती पावसाळ्यात पायाला चिकटून थेट स्वयंपाकघरापर्यंत येते, म्हणून मागच्या दारी खडी हवीच होती. दुकानदार २ ब्रास घ्या म्हणाला. जागा ३० फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर २ इंचांचा थर द्यायचा तर १०० घनफूट, म्हणजे नेमकी १ ब्रास लागते. हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही.

हिरवळीचा विचार मात्र सोडून दिला. राकसकोप जलाशयातून येणारे नळाचे पाणी उन्हाळ्यात कसे जपून वापरावे लागते हे शहराला ठाऊक आहे, आणि भाडेकरूने मे महिन्यात लॉनला पाणी घालावे अशी अपेक्षा धरणे मला गैर वाटते. त्याऐवजी जास्वंद आणि तगरीच्या फांद्या शेजाऱ्यांकडून मागून आणल्या व पाऊस लागताच लावल्या. नर्सरीतून फक्त कढीपत्त्याचे रोप विकत घेतले.

नवे भाडेकरू करार करताना म्हणाले, "काका, झाडांना पाणी आम्ही घालू, पण चरीत उतरायला सांगू नका." त्यानुसार अकरा महिन्यांच्या करारात पाणी घालणे आणि झाडलोट त्यांच्याकडे ठेवली, तर मे महिन्यात चर उपसणे आणि पावसाळ्यानंतर गवत काढणे माझ्याकडे घेतले. त्यासाठी भाड्यातून दरमहा थोडी रक्कम आता बाजूला ठेवतो.