तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेऱ्याची डायल एक घर फिरवली की आकडा दोन घरं का पळतो?

रंगपंचमी उलटली की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदापाशी, फोटो काढून झालेले असतात, आणि आठवड्याभरात डायल बिनसते. एक क्लिक दिली की शटरस्पीड १/१२५ वरून थेट १/२०० वर जातो, कधी उलटा १/१०० वर येतो. डायल गेली का, आणि घरी दुरुस्त होईल का?

बहुतेक वेळा डायल गेलेली नसते, मळलेली असते. मळलेली असेल तर घरी जमतं, मोडलेली असेल तर जमत नाही. म्हणून स्क्रूड्रायव्हरला हात लावायच्या आधी यातलं नेमकं काय झालंय ते ओळखा.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर आणि एक्स्पोजरची पायरी एक तृतीयांश स्टॉपवर ठेवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). १/१२५ पासून हळूहळू क्लिक मोजत जा. नवव्या क्लिकला १/१००० यायला हवं. तितक्याच क्लिकनी परत या. आकडे मध्येच गळतात किंवा मागेपुढे नाचतात का ते बघा. कॅमेऱ्याला दोन डायल असतील तर मेनूतून त्यांची कामं अदलाबदल करा. दोष त्याच डायलपाशी राहिला तर डायल बिघडलीय. दोन्ही डायल सारख्याच वागल्या तर गडबड सेटिंगची किंवा बोर्डाची. आणि बोटाला क्लिक जाणवतच नसेल तर आतली स्प्रिंग सुटलीय. तिथे साफसफाईचा उपयोग नाही.

असं का होतं? बऱ्याच कॅमेऱ्यांत डायलच्या चकतीच्या पोटाला धातूच्या बारीक पत्त्यांचा ब्रश असतो. तो खालच्या सर्किटबोर्डावरच्या दातेरी पट्ट्यांवरून घासत जातो. पट्ट्यांचे दोन पदर असतात, एकमेकांपासून थोडे सरकवलेले. कोणता पदर आधी टेकला त्यावरून कॅमेऱ्याला दिशा कळते. मधे मळाचा कण आला की एक टेकणं हुकतं किंवा एकाचं तीनदा मोजलं जातं. म्हणूनच आकडा उडतो आणि उलटाही जातो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर भुरी या बुरशीरोगासाठी गंधक धुरळतात. गंधकाने चांदी काळी पडते, आणि काही डायलींच्या पट्ट्यांवर चांदीचाच मुलामा असतो. बागेत शूट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता इलाज. बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स किंवा बॉडीकॅप लावलेली ठेवा. डायल खाली तोंड करून धरा, रबरी ब्लोअरने फटीत हवा मारा आणि मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडा. तोवर डायल अजिबात फिरवू नका, नाहीतर वरची पूड आत ओढली जाते. कोरड्या रंगात बऱ्याचदा मक्याचं पीठ असतं. पाणी लागलं की त्याची खळ होते आणि अल्कोहोलमध्ये ते विरघळत नाही. त्यामुळे आधी कोरडं झाडायचं, द्रव नंतर.

द्रव म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने प्लास्टिक वितळतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारलात तर आज डायल छान चालेल आणि महिन्याभरात दुप्पट धूळ धरेल. मेडिकलमधून १ मिलिची, ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज आणा. २ युनिट, म्हणजे ०.०५ मिलि, फटीत सोडा. डायल खालीच झुकलेली ठेवा, म्हणजे मळ बाहेर येईल आणि ओल स्क्रीनकडे जाणार नाही. मग दोन्ही दिशांना चाळीस-पन्नास फेरे द्या आणि बाहेर आलेलं टिपून घ्या. असं जास्तीत जास्त तीनदा करा. बॅटरी घालण्याआधी तीन तास थांबा, पावसाळ्यात रात्रभर. डब्यातला कोणताही स्प्रे थेट फटीत कधीच मारू नका, जोराने मळ व्ह्यूफाइंडरपर्यंत जातो. डायलला रबरी सील असेल तर थेंब आत पोचणारच नाही. चुंबकीय किंवा प्रकाशाच्या सेन्सरवर चालणाऱ्या डायलीला या इलाजाने फरक पडत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर उघडायचं का? बॉडीत फ्लॅश असेल तर माझं स्पष्ट म्हणणं, नको. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मल्टीमीटरने तपासायची सवय नसेल तर कारागिराकडेच द्या. फ्लॅश नसेल तर जपानी घडणीच्या स्क्रूंसाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, साध्या फिलिप्सने डोकी गुळगुळीत होतात. कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून त्यावर दुहेरी टेप लावा आणि प्रत्येक स्क्रू जागच्या जागी चिकटवा. लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर खालचा बोर्ड फुटतो. रिबन केबल ओढण्याआधी तिच्या कनेक्टरची झडप नखाने उचला.

चकती मात्र पारदर्शक पिशवीत हात घालून उचला. क्लिक देणारी पोलादी गोळी मोहरीपेक्षा लहान असते आणि स्प्रिंगच्या जोरावर टुणकन उडते. पट्ट्या लेन्सच्या कागदाला अल्कोहोल लावून पुसा. पॉलिशपेपर नको, मुलामा फार पातळ असतो. ब्रशच्या पत्त्या चपट्या झाल्या असतील तर चिमट्याने अगदी किंचित उचला. जास्त उचललीत तर त्या पट्टी कुरतडतील. ग्रीस लावायचं तर प्लास्टिकला चालणारं, टाचणीच्या टोकाएवढं, आणि फक्त गोळीच्या खाचांत. पट्ट्यांवर थेंबही जाऊ देऊ नका.

जोडून झालं की पुन्हा १/१२५ वर जा आणि नऊ क्लिक मोजा.